न कळलेलं ‘हो’

विद्यापीठाच्या हेल्पडेस्कवर माझ्या पुढे एक मुलगी उभी होती. वर्ष नुकतंच सुरू झालेलं, त्यामुळे रांग दाराबाहेर गेलेली आणि खिडकीतल्या माणसाचा आवाज सकाळपासून बोलून बोलून बसलेला. मुलीने आपली अडचण नीट सांगितली: अभ्यासक्रमाचं पान उघडत नाही, आणि पहिली असाइनमेंट शुक्रवारपर्यंत तिथेच जमा करायची आहे. त्याने स्क्रीनवरची नजर न हलवता उत्तर दिलं, ‘अकाउंट प्रोव्हिजन झालंय तुझं, पण एनरोलमेंट अजून सिंक झालेली नाही. ती रात्री होईल. तोवर पोर्टलला एसएसओने लॉगिन करून एमएफए लावून घे. आणि कॅम्पसबाहेरून जर्नल्स बघायची असतील तर व्हीपीएन लागेल.’ त्यात चुकीचं काहीच नव्हतं. उलट तिला जे जे माहीत असायला हवं ते सगळं त्या तीन-चार वाक्यांत आलं होतं. ती म्हणाली, ‘हो सर,’ आणि बाजूला झाली.

माझं काम आटपून मी बाहेर आले तर ती जिन्याजवळ हातातल्या वहीकडे बघत उभी. कानावर पडलं तसं लिहून घेतलेलं होतं, आणि प्रत्येक शब्दापुढे एक प्रश्नचिन्ह. ‘कळलं का गं सगळं?’ मी विचारलं. तिने आधी सवयीने मान डोलावली. मग म्हणाली, ‘नाही मॅडम. पण मागे एवढी माणसं खोळंबली होती, परत कसं विचारायचं?’

तिचं ते ‘हो’ काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

मी ग्रंथालयात काम करते. हे ‘हो’ मी रोज ऐकते, फक्त त्या दिवसापर्यंत ते इतकं स्पष्ट ऐकू आलं नव्हतं. नवे विद्यार्थी म्हणतात, बाहेरून आलेले संशोधक म्हणतात, नव्याने रुजू झालेले प्राध्यापकही म्हणतात, आणि प्राध्यापकांचं ‘हो’ तर सगळ्यांत लवकर येतं, कारण त्यांना न कळणं जास्त महागात पडतं. ज्याच्या त्याच्या विषयातले बोजड शब्द या लोकांना घाबरवत नाहीत. तिथे ते शंका काढतात, वाद घालतात, व्याख्या मागतात. पण लॉगिन, क्रेडेन्शियल, कोटा, प्रॉक्सी हे शब्द समोर आले की तीच माणसं गप्प होतात. हे शब्द अभ्यासाचे नाहीत, ते येतच असणार असं जणू सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. आणि जे येतच असायला हवं ते विचारायला माणूस सर्वांत जास्त लाजतो.

आम्ही जिन्याशेजारच्या बाकावर बसलो. मी सिंकपासून सुरुवात केली. तिला म्हटलं, तुझं नाव प्रवेश विभागाच्या नोंदीत आलेलं आहे. तू ज्या पानावर असाइनमेंट जमा करणार आहेस ती यंत्रणा वेगळी, तिची नोंदवही वेगळी. रोज रात्री एक प्रोग्रॅम पहिल्या नोंदवहीत नवी नावं शोधतो आणि दुसरीत नेऊन घालतो. तुझा प्रवेश काल दुपारनंतर पक्का झाला असेल, तर काल रात्रीच्या फेरीत तुझं नाव सुटलं आणि आज रात्रीच्या फेरीत येईल. उद्या सकाळी पान उघडेल. ती ऐकत होती. माझं बोलून झाल्यावर तिने विचारलं, ‘म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?’ पहिला प्रश्न हा. दोन दिवस ती वेगवेगळ्या ब्राउझरमधून प्रयत्न करत होती, पासवर्ड बदलून बघत होती, फॉर्ममध्ये आपलं नाव चुकलं असेल म्हणून जुने ईमेल चाळत होती. दोन यंत्रणांमधल्या काही तासांच्या अंतराला तिने स्वतःचा दोष मानलं होतं.

असं का होतं याचा विचार करते तेव्हा मला पुन्हा पुन्हा वाटतं की या शब्दांमागे माणसं होती, त्यांच्या गरजा होत्या, त्यांची भांडणं होती, आणि हे सगळं आपण सांगायचं सोडून दिलं आहे. पासवर्डचंच घ्या. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची प्रणाली चालवून दाखवली. तोवर संगणक एका वेळी एकाच माणसाचं काम घ्यायचा. बाकीच्यांनी आपली पंच केलेली कार्डं ठेवून जायचं आणि दुसऱ्या दिवशी उत्तर न्यायला यायचं. सीटीएसएसने एकाच यंत्राचा वेळ बारीक बारीक तुकड्यांत वाटला आणि अनेकांना आपापल्या टर्मिनलवर एकाच वेळी बसता आलं. मग प्रश्न आला की यातल्या कोणाच्या फायली कोणत्या, आणि कोणी किती वेळ वापरला. त्यासाठी प्रत्येकाला अकाउंट आणि प्रत्येकाला पासवर्ड. संगणकावरचे पासवर्ड सुरू झाले ते इथूनच असं साधारणपणे मानलं जातं. शत्रूपासून बचाव वगैरे काही मनात नव्हतं. सगळ्यांना अपुरं पडणारं एक यंत्र होतं आणि ते नीट वाटून घ्यायचं होतं.

आणि ती वाटणी मोडणारा पहिला माणूसही तिथलाच निघाला. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळायचे. त्याच्या कामाला ते पुरत नव्हते. १९६२ मध्ये त्याने पासवर्डची फाइल छापून घ्यायची युक्ती शोधली. छपाईची विनंती एका कार्डावर पंच करून दिली आणि छापून आलेले कागद सकाळी घेऊन गेला. मग इतरांच्या नावाने लॉगिन करून त्याने आपलं काम पुरं केलं. पुढे त्याच प्रणालीत, त्याच दशकात, आणखी एक विलक्षण गोष्ट घडली. लॉगिन केल्या केल्या दिसणारी सूचना आणि पासवर्डची फाइल या दोन्हींवर दोघेजण एकाच वेळी काम करत होते. एडिटर तात्पुरत्या फाइलला दर वेळी एकच नाव द्यायचा, त्यामुळे दोन्हींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कोणी लॉगिन करायचा त्याच्या समोर सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड येऊन पडायचे. ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात कोर्बातोंनी स्वतः हा किस्सा सांगितला आहे.

हे मी सांगते कारण हेल्पडेस्कवर सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या एका तक्रारीचं उत्तर याच गोष्टीत आहे. ‘माझा पासवर्ड विसरलोय, तो फक्त सांगा ना, बदलायचा कशाला?’ लोकांना वाटतं की समोरचा माणूस सांगत नाही, नियमावर बोट ठेवतोय. खरी गोष्ट अशी की त्यालाही तो माहीत नसतो, आणि शोधूनही सापडणार नसतो. उघडे पासवर्ड एका फाइलीत ठेवले की ती फाइल कधी ना कधी बाहेर येणार, हे कळल्यावर यंत्रणांनी पासवर्ड ठेवणंच बंद केलं. त्याऐवजी त्यातून काढलेला एक हॅश ठेवतात. अंगठ्याच्या ठशावरून माणूस उभा करता येत नाही, पण समोर आलेला माणूस तोच आहे का हे मात्र पडताळता येतं, हॅशचं तसंच. बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली यावर जो लेख लिहिला, तो आजही वाचला जातो. लोक किती सोपे पासवर्ड ठेवतात हे त्यांनी त्यात दाखवून दिलं होतं, आणि दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळा यावा म्हणून प्रत्येकात थोडी वेगळी भर घालायची, जिला आज सॉल्ट म्हणतात, तीही त्यात आहे.

या मॉरिस यांचा मुलगा पुढे कॉर्नेलमध्ये शिकत होता. २ नोव्हेंबर १९८८ या दिवशी त्याने लिहिलेला एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सुटला आणि हजारो यंत्रं ठप्प झाली. आज तो मॉरिस वर्म म्हणून ओळखला जातो. त्या प्रोग्रॅमच्या शिरकावाच्या वाटांपैकी एक होती पासवर्ड ओळखण्याची: वापरकर्त्याचं नाव, तेच उलटं, आणि सोबत नेहमीच्या शब्दांची एक छोटी यादी. वडिलांनी जो दुबळेपणा लेखात मांडला होता, तोच मुलाच्या प्रोग्रॅमने वापरला. मुलावर खटला चालला, शिक्षा झाली. पुढे तोच एमआयटीत प्राध्यापक झाला. आणि वर्म सुटला त्याच महिन्यात कार्नेगी मेलनमध्ये सर्ट या नावाचं, अशा प्रसंगी धावून जाणारं केंद्र उभं राहिलं. आज कुठल्याही मोठ्या विद्यापीठात ‘इन्सिडंट रिस्पॉन्स’ म्हणून जी मंडळी असतात, त्यांची परंपरा तिथपर्यंत जाते. मला ही सगळी गोष्ट फार घरातली वाटते. कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी विद्यार्थी, कोणाच्या तरी यंत्रावर बसलेला.

विद्यापीठांनी या शब्दांना जन्म दिला आणि मग त्यांच्याकडे पाठ फिरवली, असं मला कधी कधी वाटतं. एसएसओ म्हणजे सिंगल साइन-ऑन, एकदा लॉगिन केलं की सगळी दारं उघडी, यामागची एक मोठी कल्पनाही विद्यापीठातलीच. १९८३ मध्ये एमआयटीने अथेना नावाचा प्रकल्प हाती घेतला. कॅम्पसभर संगणक मांडायचे आणि विद्यार्थी कुठल्याही एकावर बसला तरी त्याला त्याचंच काम समोर दिसलं पाहिजे. पण कुठल्याही यंत्रावर बसता येतं म्हणजे कुठल्याही यंत्रावर विश्वास ठेवता येत नाही. त्यातून कर्बरॉस तयार झालं. पासवर्ड जाळ्यातून फिरवायचाच नाही. सुरुवातीला एकदा ओळख पटवायची, त्या बदल्यात एक तिकीट मिळतं, आणि पुढे ईमेल असो की छपाई, प्रत्येक ठिकाणी पासवर्डाऐवजी त्या तिकिटावर काम होतं. तिकिटाला मुदत असते, साधारण एका कामाच्या दिवसाइतकी. संध्याकाळी लिहिता लिहिता ‘सेशन एक्सपायर्ड’ येतं आणि आपण चडफडतो, त्यामागे हा विचार आहे: तिकीट कोणाच्या हाती लागलं तरी ते फार काळ चालू नये. ब्राउझरमधल्या लॉगिनची रचना आता वेगळी आहे, तरी तिकीट, त्याची मुदत आणि ओळख पटवून तिकीट देणारा मध्यस्थ हे तिघे तिथेही असतात.

एज्युरोम, म्हणजे विद्यापीठांनी एकमेकांच्या माणसांसाठी खुलं ठेवलेलं वायफाय, हा मात्र मला खरोखर आवडणारा शब्द आहे, आणि तो आवडण्याचं कारण एक अनुभव आहे. एका परिषदेसाठी मी परक्या देशातल्या एका विद्यापीठात पोचले होते. संध्याकाळ झाली होती, ज्यांनी घ्यायला यायचं ते आले नव्हते, फोनचं नेटवर्क चालत नव्हतं, आणि दगडी इमारतींच्या मधल्या त्या लांबलचक अंगणात माझ्या बॅगच्या चाकांचा आवाज मलाच मोठा वाटत होता. एका दाराजवळ थांबले आणि खिशात फोन थरथरला. मग पुन्हा, पुन्हा. दिवसभराचे सगळे निरोप एकदम आले. मी काही केलं नव्हतं, कोणाला पासवर्ड विचारला नव्हता. फोनने आपण होऊन तिथलं वायफाय पकडलं होतं, कारण तिथल्या वायफायचं नावही एज्युरोमच होतं.

त्या क्षणी पडद्यामागे जे झालं ते मला नंतर नीट समजून घ्यावंसं वाटलं. माझ्या फोनने आपली ओळख सांगितली, ॲट या चिन्हापुढे माझ्या विद्यापीठाचं नाव लावून. तिथल्या यंत्रणेला मी कोण हे माहीत असायचं कारण नव्हतं. तिने फक्त ते नाव वाचलं आणि विचारणा वरच्या सर्व्हरकडे ढकलली, त्याने पुढच्याकडे, असं करत ती माझ्या विद्यापीठाच्या सर्व्हरपर्यंत पोचली. पासवर्ड तपासला गेला तो तिथे, झाकलेल्या वाटेने. मधल्या कोणाला तो दिसला नाही, ज्यांच्या दारात मी उभी होते त्यांनाही नाही. माझ्या विद्यापीठाने कळवलं, ही आमची आहे. त्यांनी ते मानलं आणि मला आत घेतलं. २००२ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधन-जाळ्यात काम करणाऱ्या क्लास विरेंगा यांनी ही कल्पना मांडली. आज ती शंभराहून अधिक देशांत चालते. फोनमध्ये ही सोय असते, पण ती घराबाहेर पडायच्या आधी आपल्या कॅम्पसवर एकदा नीट लावून घ्यावी लागते. हे शेवटचं वाक्य मी भेटेल त्या प्रत्येक प्रवासी संशोधकाला सांगते, कारण ते कोणी त्यांना वेळेत सांगत नाही.

पुन्हा त्या बाकाकडे येते. एमएफए, म्हणजे पासवर्डसोबत ओळखीचा आणखी एक पुरावा मागणं, त्यावर आल्यावर ती मुलगी जरा ताठरली. तिच्या फोनवर नेट कायम चालू नसायचं, आणि दर लॉगिनला फोन लागणार म्हणजे आपण अडकणार अशी तिला धास्ती होती. मी तिला ऑथेंटिकेटर ॲप घ्यायला लावलं, पोर्टलवरचा क्यूआर कोड स्कॅन केला, आणि सहा आकडे दिसू लागले. मग म्हटलं, आता फोन फ्लाइट मोडवर टाक. तिने टाकला. आकड्यांशेजारचं ते छोटं वर्तुळ संपत आलं, संपलं, आणि नवे सहा आकडे आले. ती फोनकडे बघतच राहिली. ‘कुठून आले?’ ‘तुझ्या फोनमधूनच.’ क्यूआर कोडमध्ये एक गुपित होतं. ते आता फोनकडेही आहे आणि विद्यापीठाकडेही. दोघं ते गुपित आणि घड्याळातली वेळ एकत्र करून तेच गणित करतात, म्हणून दोघांकडे तेच आकडे येतात. दर तीस सेकंदांनी वेळ बदलली की आकडे बदलतात. संदेश येत नाही, जात नाही. २०११ पासून ही पद्धत उघड मानक म्हणून छापलेली आहे. फोनचं घड्याळ मात्र बरोबर हवं. तिने दोनदा फ्लाइट मोड बंद-चालू करून बघितला. मग स्वतःहून म्हणाली, ‘आणि फोन हरवला तर?’ हा प्रश्न तिला कोणी शिकवला नव्हता. समजलं की प्रश्न आपोआप येतात. बॅकअप कोड लिहून फोनपासून वेगळे ठेवायचे, हे मग तिला पटवून द्यावं लागलंच नाही.

या सगळ्याला पाच-सात मिनिटं लागली असतील. रांगेतल्या प्रत्येकाला तेवढी देता येत नाहीत, हे मला कळतं. खिडकीतल्या त्या माणसावर माझा अजिबात राग नाही. तिकडे प्रत्येक अडचणीची एक नोंद होते, तिलाही तिकीटच म्हणतात. त्या तिकिटाला वेळ लावलेली असते, आणि किती तिकिटं बंद झाली यावर विभागाचं काम मोजलं जातं. मुलगी ‘हो’ म्हणाली म्हणजे तिचं तिकीट बंद झालं. मोजणारा ते ‘हो’ ऐकतो, त्यामागची वही बघत नाही. पण मला खरोखर त्रास होतो तो दुसऱ्या एका गोष्टीचा. आमच्याकडे या शब्दांची सोप्या भाषेतली ओळख लिहिलेली आहे. चांगली आहे, कोणीतरी मन लावून लिहिली आहे. ती ठेवलेली आहे लॉगिनच्या आत. ‘लॉगिन होत नसेल तर काय करावं’ हे पान वाचायला लॉगिन करावं लागतं. मी हे कळवलं तेव्हा उत्तर आलं की अंतर्गत माहिती बाहेर ठेवता येत नाही. एसएसओ म्हणजे काय, यात अंतर्गत काय आहे?

आणि आता जे लिहायचं आहे त्यासाठीच खरं तर एवढं लिहीत आले.

काही आठवड्यांनी कॅम्पसवर एक ईमेल फिरला. तुमचा मेलबॉक्स कोटा संपला आहे, सिंक थांबलं आहे, चोवीस तासांत क्रेडेन्शियल्स व्हेरिफाय करा, अन्यथा अकाउंट डिॲक्टिव्हेट होईल. वर विद्यापीठाचं चिन्ह, खाली हेल्पडेस्कचं नाव. बऱ्याच जणांनी क्लिक केलं. नंतर सगळ्यांना एक कडक पत्रक आलं, सावध राहा म्हणून, आणि बैठकीत कोणीतरी म्हणालं की शिकलेली माणसं अशी कशी फसतात. मी तो ईमेल पुन्हा काढून वाचला. त्यात एकही शब्द असा नव्हता जो खुद्द विद्यापीठाच्या ईमेलमध्ये येत नाही. तीच घाई, तोच आवाज, तीच मुदत. आम्ही ज्या माणसाला वर्षभर न कळलेल्या शब्दांना ‘हो’ म्हणायला लावतो, त्याच माणसाने एके दिवशी अचानक ‘नाही’ म्हणावं अशी आमची अपेक्षा असते. ते त्याने कशाच्या जोरावर म्हणायचं? कोटा म्हणजे मेलबॉक्सला मिळालेली ठरावीक जागा, आणि तो कुठे बघायचा, हे ज्याला माहीत आहे, तो आधी जाऊन आपला कोटा बघेल. सिंक म्हणजे काय हे ज्याला कळलं आहे, त्याला ते वाक्यच विचित्र वाटेल, कारण कोटा संपल्याने थांबतो तो नवा ईमेल, आणि तो पासवर्ड दिल्याने सुरू होत नाही. सावधगिरी शब्दांच्या समजेतून येते. पत्रकाने ती येत नाही.

वेब पत्त्याचंही तसंच. पत्त्यात विद्यापीठाचं नाव आहे का ते बघा, असं आम्ही सांगतो, आणि ते अपुरं आहे. नाव पत्त्यात कुठेही घुसवता येतं. पत्ता कोणाच्या मालकीचा ते ठरतं सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर जी पहिली एकटी तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधीच्या भागावरून. तिथून उजवीकडून डावीकडे वाचत यायचं. विद्यापीठाचं नाव तिथे, अगदी शेवटी, असायला हवं. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची ही रचना बसवली तेव्हापासून ती तशीच आहे. मी वर्गाबाहेरच्या फळ्यावर एकदा हे नुसतं लिहून दाखवलं, एक खरा पत्ता आणि खाली एक खोटा. मुलं थांबून वाचत होती, एकमेकांना बोट ठेवून दाखवत होती. तसंच काही ठिकाणी सहा आकड्यांऐवजी फोनवर येणाऱ्या ‘अप्रूव्ह’ या बटणाचं. आपण स्वतः लॉगिन करत नसताना फोनवर विचारणा आली, तर त्याचा अर्थ आपला पासवर्ड कोणाकडे तरी आहे. काही चोर त्रास होऊन माणूस ‘हो’ दाबेल म्हणून रात्री पुन्हा पुन्हा विचारणा पाठवतात. इथेही ते ‘हो’च कामाला येतं.

पासवर्ड दर काही महिन्यांनी बदलायला लावायची सक्ती मला याच कारणाने खटकते. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ सालीच आपल्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं की केवळ मुदत झाली म्हणून पासवर्ड बदलायला लावू नये. तो फुटल्याची चिन्हं दिसली तर मात्र जरूर लावावा. वरचेवर बदलायला लावलं की माणसं शेवटचा आकडा एकाने वाढवतात, बाकी काही होत नाही. तरी ‘तुमच्या पासवर्डची मुदत संपत आहे, इथे क्लिक करा’ असे खरे ईमेल अनेक ठिकाणी अजून जातात, आणि खोट्या ईमेलवर विश्वास कसा ठेवायचा याचा सराव करून देतात.

माझ्या मनात मात्र सगळं एका बाजूला नाही. आमच्या विभागातले एक ज्येष्ठ संशोधक निवृत्त झाले. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. निवृत्तीनंतरच्या एका सकाळी ते ग्रंथालयात आले आणि म्हणाले, ‘जर्नल उघडत नाहीये गं. काल रात्रीपर्यंत वाचत होतो.’ नोंदीतली शेवटची तारीख उलटली होती आणि रात्रीच्या त्याच फेरीने, जी नव्या मुलांची नावं आत घालते, त्यांचं नाव काढलं होतं. याला डीप्रोव्हिजनिंग म्हणतात. त्यांच्या पडद्यावर आलं होतं, ‘यू आर नॉट ऑथराइज्ड.’ ते चिडले नव्हते. दोन ओळींची ती पाटी त्यांनी मला पुन्हा पुन्हा दाखवली, जणू मी वाचली की तिचा अर्थ बदलेल. मला त्यांच्यासाठी भांडावंसं वाटलं आणि मी भांडलेही. पण हेही खरं की न वापरलेली, विसरलेली अकाउंटं हीच चोरांची आवडती वाट असते: मालक बघत नाही, पासवर्ड जुना, आणि मागे सगळं ग्रंथालय उघडं. सुरक्षेची माणसं नाव काढतात ते निष्ठुर म्हणून नाही. फक्त आठवडाभर आधी त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं की अशी एक रात्र येणार आहे, आणि मानद सदस्य म्हणून नोंद करून घेता येते. ती नोंद नंतर झाली. मधले दिवस ते आले नाहीत.

त्या खटपटीत मला एक यादी पाहायला मिळाली. विद्यापीठं एकमेकांना आणि प्रकाशकांना माणसाविषयी काय सांगतात, त्यासाठी एज्युपर्सन नावाची एक ठरलेली रचना आहे. तिच्यात माणसाचं विद्यापीठाशी नातं सांगायला मोजक्याच किमती चालतात: स्टुडंट, फॅकल्टी, स्टाफ, एम्प्लॉयी, मेंबर, ॲफिलिएट, अलम. प्रकाशकाला बहुतेक वेळा यातली एक कळली तरी पुरतं. नाव कळायची गरज नसते, आणि ही या रचनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट होती, पुढची किंमत वाचेपर्यंत. ती होती लायब्ररी-वॉक-इन. म्हणजे जो विद्यापीठाचा कोणीच नाही, पण या क्षणी ग्रंथालयात आलेला आहे तो. ही यादी करणाऱ्या कोणीतरी आग्रह धरला असणार की नुसता आत चालत आलेला माणूसही मोजला पाहिजे. अनेक प्रकाशकांच्या करारांतही अशा वाचकाला जागेवर बसून वाचायची मुभा असते.

आमच्या वाचनकक्षात एक संगणक असा आहे. त्याला लॉगिन नाही. कॅम्पसच्या जाळ्यावर असल्यामुळे प्रकाशक त्याचा जाळ्यातला पत्ता ओळखतात आणि जर्नल उघडतात. बाहेरून वाचणाऱ्याला व्हीपीएन किंवा प्रॉक्सी लागते ती हाच पत्ता मिळवण्यासाठी. अकाउंट अडकलेले विद्यार्थी, मधल्या दिवसांतले निवृत्त लोक, कुठल्याच नोंदीत नसलेले वाचक, सगळे तिथे बसतात. आता सुरक्षेच्या कारणाने त्यालाही लॉगिन लावायचा प्रस्ताव आला आहे. कोणी वापरला याची नोंद राहत नाही, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे. मी लेखी उत्तर दिलं आहे: तो फक्त कॅटलॉग आणि जर्नल्सपुरता ठेवा, प्रत्येक वाचक उठला की सगळं पुसून नव्याने सुरू होऊ द्या, हवं तर कर्मचाऱ्यांच्या टेबलासमोर हलवा, पण लॉगिन लावू नका. सोबत दुसरी मागणी जोडली आहे, की शब्दांची ओळख करून देणारं ते पान लॉगिनच्या बाहेर आणा आणि या संगणकाचं पहिलं पान म्हणून लावा. बैठक पुढच्या महिन्यात आहे. दादांनाही मी बोलावलं आहे. ते येतो म्हणाले आहेत.